चांदीच्या खोलीतली हवा

जावई भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढे कुणाचा गैरसमज नको. काही माणसं पालीला भितात, काही अंधाराला, काही विमानाला. हा तसला नव्हता. हा एकाच माणसाला भ्यायचा, आणि तो माणूस म्हणजे त्याचा सासरा. आता सासऱ्याला बिचकून असणारे जावई पैशाला पासरी मिळतील, पण ते येण्याजाण्यापुरते भितात आणि आपल्या घरी जाऊन पाय पसरतात. याला ती सोय नव्हती. हा सासऱ्याच्याच दुकानात कामाला होता.

दुकान चांदीचं. दागिन्यांचं किंवा भांड्यांचं नव्हे, इथे फक्त नाणी आणि लगडी. लोक विकत घ्यायचे आणि घरी जागा नाही किंवा घरच्यांवर भरवसा नाही म्हणून इथेच ठेवून जायचे. ठेवायची जागा म्हणजे दुकानाखालचं तळघर. पूर्वी तिथे कुणाची तरी लाँड्री होती. भिंतीत नळांची बुजवलेली तोंडं अजून दिसायची आणि एका कोपऱ्यात, कपाटाच्या पायाशी, मोरीची लोखंडी जाळी होती. आता तिथे छतापर्यंत पोलादी कपाटं, मधे टेबल, टेबलावर दिवा. रस्त्याच्या बाजूला वर हातभर जाळीचा झरोका होता, लाँड्रीच्या काळी त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे जोडे दिसायचे, आता त्याच्यापुढे कपाट उभं होतं.

सासऱ्याला अख्खा बाजार कोरडेमामा म्हणायचा. ते आडनाव नव्हतं, स्वभाव होता. ओल या गोष्टीशी त्यांचं हाडवैर. दमट हवेने आणि घाणेरड्या वासाने चांदी काळी पडते हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं, आणि आपल्या दुकानातली चांदी काळी पडणं म्हणजे भर बाजारात नाक कापलं जाणं. म्हणून नियम. रबरबँड दुकानात दिसता कामा नये. वर्तमानपत्रात काही गुंडाळायचं नाही. लोकरीचा स्वेटर घालून खाली उतरायचं नाही. नाण्याला उघडं बोट लावायचं नाही, सुती हातमोजे घालायचे. प्रत्येक नाणं आपापल्या डबीत, डबी पिशवीत, पिशवीत ओल शोषणारी पुडी. ज्याच्या डब्यात उकडलेलं अंडं असेल त्याने समोरच्या फुटपाथवर बसून जेवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की नाणं काही झालं तरी पुसायचं नाही. पुसलं की वरची झळाळी जाते, ती पुन्हा ब्रह्मदेवाला आणता येत नाही. नाणी पुसणाऱ्या माणसाबद्दल मामा ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात इतर लोक खुन्याबद्दल बोलतात.

गेल्या उन्हाळ्यापासून त्यांनी आणखी एक भर घातली. खोलीत पाण्याचा थेंब न्यायचा नाही. फरशी पुसणं बंद. कोरडा झाडू, कोरडं फडकं, बस्स. गल्ल्यावर बसणाऱ्या बाई झाडलोटही बघायच्या. त्या म्हणाल्या, "मामा, कधीतरी ओल्याने पुसू द्या, धूळ किती बसते." मामा म्हणाले, "धूळ झटकता येते. ओल झटकता येते का?" मामांपुढे सगळेच गप्प बसायचे.

जावई तर फारच. बायको गेल्यावर मामांनी एकट्याने लेक वाढवली होती. ती लेक मागायला हा गेला तेव्हा याची नोकरी सुटलेली, धंद्याचा पत्ता नाही, आणि अंगातला शर्टही भावाचा. मामांनी लेकीच्या तोंडाकडे पाहून हो म्हटलं. मग त्याला दुकानात घेतलं, खालच्या खोलीचा कारभार हाती दिला आणि म्हणाले, "जावईबापू, वरचं मी बघतो. खालची चांदी काळी पडली तर मात्र मी तुम्हाला विचारणार." एवढंच वाक्य. ते तेव्हापासून बिचाऱ्याच्या मानगुटीवर बसलं होतं. बायको म्हणायची, "अरे, बाबा काय खाणार आहेत का तुला?" हा म्हणायचा, "खाल्लं असतं तर एकदाचं सुटलो तरी असतो."

मामा रोज एकदा खाली तपासणीला जायचे, आणि ते आत असताना दार बंद. दार लोटलं की कुलूप आपोआप बसायचं. बाहेरून उघडायची एक किल्ली मामांकडे, दुसरी जावयाकडे. "मी आत असताना ही आग लागली तरच वापरायची," असं बजावून दिलेली. एकदा एक गिऱ्हाईक घाईत होतं म्हणून याने ती वापरली. मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचा महिनाभर ते जावयाशी बोलले ते गल्ल्यावरच्या बाईंमार्फत. "बाई, त्यांना म्हणावं पावती फाडा." आणि हा शेजारीच उभा.

तर अशा या माणसाला एका सकाळी पहिल्याच कपाटातल्या एका नाण्याच्या कडेला पिवळसर झाक दिसली.

त्याने डबी दिव्याखाली धरली. मग दुसरी काढली. तिसऱ्या नाण्याची कड तपकिरी होती, आणि खालच्या फळीवरच्या एका लगडीचा कोपरा तर काजळी धरल्यासारखा काळा. त्याने एकेक पिशवी तपासली. पुड्या ताज्या होत्या, पिशव्या नीट बंद होत्या, हातमोजे घातल्याशिवाय त्याने हात लावला नव्हता. सगळं नियमाने केलेलं आणि तरी चांदी काळी. चूक सापडली असती तर निदान सुधारता आली असती. इथे चूकच सापडेना, आणि त्यानेच त्याची जास्त पाचावर धारण बसली.

धड डोक्याच्या माणसाने काय केलं असतं? वर जाऊन सांगितलं असतं. याने डागाळलेल्या पिशव्या मागे सारल्या, चांगल्या पुढे लावल्या आणि वर येऊन पाणी प्याला. मला विचाराल तर या गोष्टीतला पहिला गाढवपणा हा.

त्याच सुमाराला खोलीत वास यायला लागला. सडक्या अंड्याचा. मामांनी वर येऊन सगळ्यांदेखत बाईंचा डबा उघडायला लावला. डब्यात अंड्याचं टरफलसुद्धा नव्हतं. "मग जिन्यात बसून खाल्लं असेल," मामा म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "मामा, मी अंडं खातच नाही हो," त्या म्हणाल्या. जावयाला माहीत होतं की बाई खोटं बोलत नाहीत. तरी त्याने तोंड उघडलं नाही. का, तर वास अंड्याचा ठरला तर उद्या काळ्या चांदीचं खापरही अंड्यावर फुटेल आणि आपण सुटू. भित्रा माणूस कधीकधी असा हलकटपणा करतो, आणि त्याला तो हलकटपणा वाटतही नाही.

मग त्याने स्वतःशी ठरवून टाकलं की ही घाण रस्त्यावरून येते. झरोक्यातून मोटारींचा धूर येतो, धूळ येते, वास येतात, तेच चांदीला लागतंय. मामा बाहेर गेलेले पाहून त्याने जुन्या चादरीचे बोळे करून झरोक्यात ठासले आणि वरून चिकटपट्टी मारली. समोर कपाटाची पाठ होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. दाराखालच्या फटीला कापडाची घट्ट वळकटी शिवून लावली. मामांनी ती पाहिली आणि मान डोलावली, "धूळ अडेल, बरं केलंत." जावयाला तेवढ्यानेच हायसं वाटलं.

आणि गंमत बघा, इलाज लागू पडला. काही दिवसांनी त्याने भीत भीत मागच्या पिशव्या काढल्या, तर नाणी लखलखीत. लगडीचा काळा कोपरा पांढराफेक. आठवड्याभराने दुसऱ्या कपाटात झाक दिसली, याने झरोक्यावर आणखी एक पट्टी मारली, पुन्हा सगळं स्वच्छ. खरं म्हणजे ती चकाकी नेहमीची नव्हती. नव्या नाण्यावर उजेड फिरतो, इथे तो नुसता घासलेल्या ताटासारखा एकसारखा पडत होता. पण घाबरलेल्या माणसाला चकचकीत दिसलं की पुरे. त्या दिवशी तो घरी गाणं गुणगुणत गेला.

मामा मात्र खाली जास्त जास्त वेळ बसायला लागले होते. पूर्वी चहा निवायच्या आत वर यायचे, आता चहावर साय धरायची. वर यायचे तेव्हा डोळे लालबुंद. "चष्म्याचा नंबर बदललाय," म्हणायचे. डोकं दुखायचं, एकदा जिन्यातच उलटी झाली, तेव्हा "दूध नासकं होतं" म्हणून मोकळे झाले. डोकं जावयाचंही दुखायचं. पण ते दुखणं भीतीचं आहे अशी त्याची खात्री होती. इतकी वर्षं भ्यायल्यावर डोकं दुखणारच की.

एक दिवस मामा खुशीत म्हणाले, "बघा जावईबापू, डबा तपासला तेव्हा कुठे वास गेला. आता खाली कसलाही वास येत नाही." बाई मान खाली घालून पावत्या लावत बसल्या. जावयाला दार उघडताक्षणी एक भपकारा यायचा, मग दोन श्वासांत तोही नाहीसा व्हायचा. मामा नाही म्हणतात म्हणजे नसेल, असं त्याने धरलं.

पुढचं घडलं त्या दिवशी दुपारी एक दंतवैद्य बाई येणार होत्या. बरीच वर्षं साठवलेली त्यांची नाणी त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती. मामा सकाळीच म्हणाले, "मी खाली जाऊन सगळं नीट बघून ठेवतो. मला हाक मारू नका." दार लोटल्याचा आवाज वर ऐकू आला.

थोड्या वेळाने रस्त्यावर एक टँकर येऊन थांबला. माणसांनी भुयारी गटाराची झाकणं काढली, जाड पाइप आत सोडला आणि मशीन सुरू केलं. वासाने नाक धरायची पाळी आली. त्यांचा मुकादम दुकानोदुकानी फिरत होता, तसा तो इथेही आला.

"मोठी लाइन तुंबलीय केव्हाची," तो म्हणाला. "आता पाण्याच्या जोराने फोडतोय. आत साचलेली हवा वाट मिळेल तिकडून वर येते. मोरीत, संडासात बादलीभर पाणी ओतून ठेवा. जाळीखालच्या वाकड्या पाइपात पाणी असलं की ती तिथेच अडते. पाइप सुकलेला असला तर सरळ घरात शिरते."

"आमच्याकडे मोरी नाही," बाई म्हणाल्या. "सगळं कोरडं असतं."

जावई पावती लिहीत होता. त्याचा हात थांबला. जाळी त्याच्या डोळ्यांपुढे आली, कपाटाच्या पायाशी, धुळीने भरलेली, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तिच्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"त्या हवेने," त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "चांदी काळी पडते का हो?"

मुकादमाने हात पुढे केला. बोटात कोळशासारखी अंगठी होती. "ही चांदीचीच. पण चांदीचं सोडा साहेब, माणसाचं बघा. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर ठीक. वास यायचा बंद झाला म्हणजे हवा गेली असं नाही, आपलं नाक गेलं. तेव्हा पळायचं. आणि कुणी आत पडला तर त्याच्या मागे उडी घ्यायची नाही, आम्हाला हाक मारायची. एकाला काढायला दुसरा जातो आणि दोघं राहतात."

मुकादम पुढच्या दुकानात गेला. जावई उठला. तो जिना उतरला, आणि उतरता उतरता त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. अंड्याचा वास. मामांचे डोळे. उलटी. आता कसलाही वास येत नाही. आणि झरोका, जो त्याने स्वतःच्या हाताने बुजवला होता.

त्याने दारावर टकटक केलं. एरवी कुणी दाराशी आलं की मामा आतून एकदा खाकरायचे, म्हणजे कळलं, जा आता. या वेळी खाकरणं आलं नाही. पण नाण्यांचा खळकन आवाज झाला, कुणी तरी घाईने गोळा केल्यासारखा, आणि मग शांत. जावयाचा जीव भांड्यात पडला. आहेत, जागे आहेत, चिडले आहेत एवढंच.

"मामा," तो हळूच म्हणाला, "जरा बाहेर येता का?"

त्याने दाराला कान लावला.

आता बघा हा माणूस कसा अडकला. आत विषारी हवा आहे हे ओरडून सांगायला हवं होतं. पण हवा आहे म्हटलं की मामा विचारणार, झरोका असताना साचली कशी? आणि झरोका कुणी बुजवला? आणि का बुजवला? आणि मग चांदी काळी पडत होती हे इतके दिवस लपवल्याचंही बाहेर येणार. शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसला. किल्ली खिशात होती. तिच्यावर त्याने हातही ठेवला. आग लागलीय का? आग नाही लागलेली. मुकादमाचं बोलणं खरंच असेल कशावरून? उगाच दार उघडलं, आणि मामा टेबलाशी ठणठणीत बसलेले असले तर? पुन्हा तो महिना, पुन्हा बाईंमार्फत बोलणं, आणि या वेळी कदाचित कायमचं.

त्याने पुन्हा टकटक केलं. आतून काहीच आलं नाही. मग त्याने काय करावं? बायकोला फोन लावला. उघडू का, एवढंच विचारायला. ती शिवणकामाच्या कारखान्यात होती, मशीनच्या घरघराटात तिला फोन ऐकू जायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. जिन्याच्या पायरीवर उभा राहून, घामाने निथळत, तो त्या बंद दाराकडे बघत फोन कानाला लावून उभा होता, आणि त्याला आता दोन तऱ्हेची भीती वाटत होती, एक मामा रागावतील ही आणि दुसरी मामा कधीच रागावणार नाहीत ही, आणि पाय काही हलत नव्हते.

आत काहीतरी धप्पकन पडलं. खुर्ची असावी, खुर्चीबरोबर माणूसही असावा.

"बाई, त्या मुकादमाला बोलवा," तो ओरडला, इतक्या मोठ्याने तो त्या दुकानात कधी बोलला नव्हता. छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि किल्ली लावली. कुलूप फिरलं, त्याने दार ढकललं, दार थोडंसं उघडलं आणि अडकलं. त्यानेच शिवलेली वळकटी खाली चुरगळून बसली होती. त्याने खांदा मारला. पुन्हा मारला. दार रेटलं गेलं तेव्हा डोळ्यांत कुणी तिखट फेकावं तशी आग झाली.

मामा टेबलाशेजारी जमिनीवर कुशीवर पडले होते. तोंडाला फेस होता. दिवा चालू होता, आणि त्याच्या उजेडात त्याने एका नजरेत पाहिलं ते असं: डब्यांतून काढलेली नाणी कापडावर पसरलेली, एका बशीत खडूच्या भुकटीची पांढरी लापशी कालवलेली, आणि मामांच्या मुठीत एक सुती चिंधी, काळीकुट्ट झालेली. मामा नाणी पुसत होते.

विचार करायला वेळ नव्हता. त्याने मामांच्या काखेत हात घालून ओढलं. छाती फुटायला आली. उंबऱ्यापाशी त्याचा दम सुटला, एक श्वास आत गेला, आणि भिंती तिरक्या झाल्या. मग वरून कुणाचे तरी दणकट हात आले, त्याच्या कॉलरला, मामांच्या दंडाला, आणि दोघं जिन्यावरून ओढत फुटपाथवर आणले गेले. मुकादमाने लाथ मारून झरोक्याची जाळी आत ढकलली. चादरीचे बोळे बाहेर ओढून फेकले, ते पायाशी पडलेले जावयाला दिसत होते. त्याची नजर त्यांच्यावरून हटेना.

इस्पितळात मामांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता, छाती वरखाली होत होती, डोळे मिटलेले. जावयाचेही डोळे सुजले होते, पण तो उभा राहू शकत होता. बायको कारखान्यातून धावत आली. केसांत अजून दोरे अडकलेले. गल्ल्यावरच्या बाईंनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणजे त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं. तिने आधी वडिलांच्या कपाळावर हात ठेवला, मग येऊन नवऱ्याचा हात धरला आणि सोडला नाही.

डॉक्टर बाई आल्या. "जिवावरचं टळलंय," त्या म्हणाल्या, "पण मेंदूला किती वेळ पुरेशी हवा मिळाली नाही ते मला नीट कळायला हवं. पुढचे उपचार त्यावर आहेत. त्यांनी प्रतिसाद देणं थांबवल्यापासून बाहेर काढेपर्यंत किती वेळ गेला?"

"लगेच काढलं हो याने," बायको म्हणाली. "बाई सांगत होत्या, श्वास कोंडून एकटा आत शिरला. आवाज आल्या आल्या." आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिने त्याच्याकडे मायेने पाहिलं होतं, चिडून पाहिलं होतं, कीव करूनही पाहिलं होतं. अभिमानाने ती आज पहिल्यांदा बघत होती. "बाहेर काढल्यावर मला किती फोन केलेस तू. मला ऐकूच आले नाहीत रे."

जावई गप्प बसला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. अवघं आयुष्य तो गप्पच तर बसत आला होता. आत्ता मान डोलावली की झालं, तिची ती नजर जन्मभर त्याची. दाराशी उभं राहून वाटली होती त्याहून ही भीती मोठी होती. पण डॉक्टर बाई हातात पेन घेऊन थांबल्या होत्या, आणि पलंगावर मामांचा श्वास मास्कमध्ये धुकं धरून पुसत होता.

"बाहेर काढल्यावर नाही केले," तो म्हणाला. "आधी केले. मी दाराशी उभा होतो. दोनदा वाजवलं, आतून काही आलं नाही, किल्ली माझ्या खिशात होती आणि मी उभा राहिलो. तुला विचारायला फोन लावत होतो, उघडू का म्हणून. ते रागावतील म्हणून." तो थांबला. "झरोकाही मीच बुजवला होता. चांदी काळी पडत होती ती लपवायला. तीन फोन वाजून बंद होईपर्यंत मी उभा होतो, डॉक्टर. त्याहूनही थोडा जास्तच."

डॉक्टर बाईंनी लिहून घेतलं. बायकोने हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला, आणि तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना.

पलंगावर हालचाल झाली. मामांनी डोळे उघडले होते. बोटांनी चाचपून त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. डॉक्टर पुढे झाल्या, पण त्यांनी हात वर करून थांबवलं. आवाज फाटका येत होता.

"मला ऐकू आलं होतं," मामा म्हणाले. "पहिलं वाजवलं तेव्हा. गरगरत होतं, उठता येत नव्हतं. हाक मारता आली असती." त्यांना धाप लागली. "टेबलावर पुसलेली नाणी होती. महिना झाला पुसतोय. वाटलं, मीच कुठे तरी खोटी चांदी घेऊन बसलोय, म्हातारपणी नजर गेली. जावईबापूंनी दार उघडलं असतं तर त्यांना दिसलं असतं. म्हणून ओ दिली नाही. नाणी गोळा करत बसलो."

जावई पुढे सरकला. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने तो आल्या पावली मागे फिरायचा तो माणूस दाराच्या पलीकडे त्याला भिऊन नाणी लपवत बसला होता, हे त्याच्या डोक्यात शिरता शिरत नव्हतं. मामाही त्याच्याकडे बघत नव्हते. छताकडे बघत होते आणि डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर जात होतं, हवेने झोंबलेल्या डोळ्यांचं किंवा कशाचंही असेल.

लेक मधे उभी होती. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि ती बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"दाराच्या आत एक, दाराबाहेर एक," ती म्हणाली. "आणि पोरकी मी होणार होते."